फुली मारलेली किसणी

"सत्रहवी लाइन, नववा दात. पाऊण मिलिमीटर बाहर." भिंगावरचा डोळा न काढता गुणवंत दिघ्यांनी डावा हात पुढे केला. "जहूर, पंच दे."

"साब, एक बार और देख लो. अच्छी चीज है."

"अच्छी है कि नहीं, ये देखने की तनखा मैं लेता हूं. पंच."

दिघ्यांच्या हिंदीत मराठी आकडे घुसतात, हे जहूरने फार पूर्वीच माफ करून टाकलं होतं. त्याने पंच दिला. दिघ्यांनी तांब्याच्या किसणीची मूठ लाकडी ठोकळ्यावर टेकवली, हातोडीचा एकच टोला घातला आणि मुठीवर तांदळाच्या दाण्याएवढी फुली उमटली. फुली पडली की ती वस्तू बाद. मग ती कुठल्याही हॉटेलात जात नाही, दुकानातही जात नाही. ती जपानला परत पाठवणं परवडत नसल्यामुळे शेवटी स्टाफमधलं कुणीतरी ती घरी नेतं.

शारजातल्या हमरिया फ्री झोनमधल्या त्या गोदामात जपानच्या लहान लहान कारखान्यांतला माल यायचा. चार माणसांच्या कारखान्यात घडलेल्या कात्र्या, नवरा-बायको मिळून करतात ते ब्रश, बिडाच्या किटल्या, चहाच्या गाळण्या. दुबईतली मोठी हॉटेलं आणि हौशी दुकानं तो घ्यायची. यातली प्रत्येक वस्तू आधी दिघ्यांच्या भिंगाखालून जायची. टेबलावर त्यांच्या नावाची पितळी पाटी होती, 'तपासणी प्रमुख' अशी. तिला ते दर सोमवारी स्वतः पुसायचे.

माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगितलेलं बरं. या नोकरीआधी अकरा वर्षं ते रुवैसला रिफायनरीच्या पायपांचे जोड तपासत होते. तिथे अर्धा मिलिमीटर म्हणजे चेष्टा नव्हती. जोड बरोबर बसला नाही तर काय होतं ते त्यांना ठाऊक होतं, आणि त्यांच्या हाताखालून गेलेला एकही जोड कधी गळला नाही, याचा त्यांना अभिमान होता. तोच अर्धा मिलिमीटर खिशात घालून ते हमरियाला आले. किसणीच्या दातांची रांग किती सरळ असावी, असा नियमच कुठे लिहिलेला नव्हता, म्हणून पहिल्याच महिन्यात त्यांनी तो स्वतः लिहून काढला. रांग अर्ध्या मिलिमीटरच्या वर हलता कामा नये.

त्या किसण्या करणारे नोनोमुरा नावाचे म्हातारे होते. वय चौऱ्याहत्तर. जाड तांब्याचा पत्रा ठोकून, त्याला कल्हई करून, मग छिन्नी-हातोडीने एकेक दात हाताने उठवायचा, असं त्यांचं काम. एका किसणीला पाचशेच्या वर दात. गेली चार वर्षं दिघे त्यांच्या दर दहातल्या तीन-चार किसण्यांवर फुली मारत होते आणि लाल वर्तुळं काढलेले फोटो जपानला पाठवत होते. तिकडून दर वेळी नम्रपणे क्षमा मागणारं उत्तर यायचं. ते छापून दिघे फाइलला लावायचे.

त्या सोमवारी मात्र वेगळं पत्र आलं. नोनोमुरांच्या मुलाने इंग्रजीत लिहिलं होतं. आपल्या अहवालांचा आम्ही आदर करतो. पुष्कळ प्रयत्न करूनही वडिलांना सरळ रांग साधत नाही. स्वतःच्या डोळ्यांत किंवा हातात दोष आला असावा, असं ते म्हणतात, आणि या महिन्याअखेर त्यांनी छिन्नी खाली ठेवायचं ठरवलं आहे. यापुढे दात यंत्रावर पाडू. नमुना पाठवला आहे. गुरुवारपर्यंत मंजुरीची सही मिळाली तर यंत्राचं पक्कं करता येईल.

नमुना पत्राच्या आधीच कुरियरने आला होता. दिघ्यांनी तो भिंगाखाली धरला. पहिली रांग, दुसरी, दहावी, तिसावी. पोलिसांच्या परेडसारखे दात उभे होते. एकही बाहेर नाही.

"बघ जहूर, याला म्हणतात काम," ते मराठीतच म्हणाले. चार वर्षांच्या कष्टांचं चीज झालं, असं त्यांना अगदी मनापासून वाटलं. म्हाताऱ्याच्या डोळ्यांबद्दलची ओळही त्यांनी वाचली होती. वय झालं की व्हायचंच, असं म्हणून ती सोडून दिली.

मंजुरीचा फॉर्म बॅगेत घालून आणि नमुना कागदात गुंडाळून ते घरी निघाले. शारजाच्या ट्रॅफिकमध्ये दीड तास काढून दुबईतल्या अल कुसैसला पोचले, तेव्हा अनुपमाने चहाचं आधण ठेवलं होतं.

"अनू, आजचं आलं याच्यावर किस," त्यांनी नमुना ओट्यावर ठेवला. "सहा हजारांची वस्तू आहे."

"दिरहम?"

"रुपये. अडीचशे दिरहम."

"अडीचशे दिरहमची किसणी! यल्ला, बघू तरी." अनुपमाने आल्याचा तुकडा घेतला आणि किसायला लागली. चार-पाच वेळा हात फिरला, मग अडला. तिने तुकडा उलटा करून पाहिला. आल्यावर नांगरल्यासारखे चर पडले होते. तिने तो थोडा वळवून पुन्हा किसला. पुन्हा चर. तिसऱ्या वेळी हात घसरला आणि अंगठ्याचं सालटं निघालं.

"आई गं! काय हो हे?" अंगठा नळाखाली धरत ती म्हणाली. मग दुसऱ्या हाताने तिने खिळ्यावरची आपली नेहमीची किसणी काढली. मुठीवर फुली असलेली. तीन वर्षांपूर्वी दिघ्यांनीच घरी आणलेली. तिच्यावर तोच तुकडा चार वेळा फिरवला आणि मऊ, रसरशीत कीस चहात पडला.

"ती बाद किसणी आहे," दिघे म्हणाले.

"मग मलाही मारा फुली. मी हिच्यावरच किसणार."

"अगं, हिच्या रांगा बघ. वाकड्या आहेत."

"मी रांगा बघत नाही, मी आलं बघते. ही कधी अडत नाही. आलं फिरवावं लागत नाही, दोरे राहत नाहीत. तुम्ही तीन वर्षं चहा पिताय ना?"

हॉलमध्ये लॅपटॉप घेऊन बसलेल्या ईश्वरीने मान वर केली. ती इथेच जन्मली, इथेच वाढली, आता कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होती. आई-बाबांच्या भांडणात ती फक्त इंग्रजीतून भाग घ्यायची. "बाबा, जस्ट टेस्ट इट. यू टेस्ट एव्हरीथिंग."

दिघ्यांना हे लागलं. टेस्ट म्हटल्यावर मागे हटणं त्यांच्या रक्तात नव्हतं. त्यांनी स्वयंपाकघरातला वजनकाटा काढला. आल्याचे, गाजराचे आणि मुळ्याचे सारख्या वजनाचे तुकडे केले. प्रत्येक तुकडा दोन्ही किसण्यांवर तीस-तीस वेळा, तुकडा न वळवता. कीस वेगळ्या वाट्यांत. अनुपमा अंगठ्याला पट्टी लावून स्टुलावर बसली आणि नवऱ्याला आयुष्यात पहिल्यांदा किसताना बघू लागली. हा करमणुकीचा कार्यक्रम फुकटात पाहायला मिळत होता.

नमुन्यावर आल्याला चर पडले. गाजराला पडले. मुळा तर बाराव्या वेळेलाच नुसता घसरायला लागला, कारण सरळ रांगेतले दात पुन्हा पुन्हा त्याच चरांतून धावत होते. फुलीवाल्या किसणीवर प्रत्येक दात नवी जागा खात होता. एक थोडा डावीकडे, पुढचा थोडा उजवीकडे. दिघ्यांनी वाट्या काट्यावर ठेवल्या. आकडे वहीत लिहिले. मग ते खोडून काटा शून्यावर आणला आणि पुन्हा मोजलं. फरक दुपटीहून जास्त होता.

"आमच्याकडे कराडला पाट्याला टाकी लावायला बाई यायची," अनुपमा सहज बोलली. "लहानपणी मी तिच्यापुढे बसून राहायचे. ती कधीच ओळीत ठोकायची नाही. मी विचारलं तर म्हणाली, ओळीत ठोकली की वाटण घसरतं बाय. तुमच्या आईकडे यायची नाही का?"

यायची. दिघ्यांना ती बाई आठवली, तिची छिन्नी आठवली, पाट्यावरून उडणारी दगडाची पूड आठवली. आणि पाटा झाल्यावर आई त्यावर हात फिरवून बघायची, तेही आठवलं. आईने कधी मोजपट्टी लावली नव्हती.

चहा गार झाला. मग त्यांनी फोन काढला आणि नोनोमुरांच्या जुन्या मेल उघडल्या. चार वर्षांपूर्वीच्या पहिल्या मेलला एक व्हिडिओ जोडलेला होता. तो त्यांनी कधी उघडलाच नव्हता, कारण त्यात माप नव्हतं.

दीड मिनिटाचा व्हिडिओ होता. एका बुटक्या खोलीत म्हातारे नोनोमुरा खाली बसले होते, पांढरीशुभ्र कल्हई केलेला पत्रा समोर, ठोकळ्यावर. छिन्नी तिरकी टेकवायची, हातोडीचा एक टोला, दात उभा. छिन्नी केसभर सरकवायची, टोला, दात उभा. खोलीत पट्टी नव्हती, पेन्सिलीची रेघ नव्हती. हात एका लयीत चालला होता आणि रांग जाणूनबुजून इकडेतिकडे होत होती. शेवटी त्यांनी शेजारच्या बशीतून मुळ्याचा तुकडा उचलला, नव्या किसणीवर फिरवला, कीस बोटावर घेऊन उजेडात पाहिला आणि चाखला. मग मान हलवून किसणी उजव्या बाजूला ठेवली. डाव्या बाजूलाही दोन किसण्या पडल्या होत्या.

"त्या डावीकडच्या रिजेक्ट असणार," खांद्यावरून बघणारी अनुपमा म्हणाली.

म्हणजे म्हातारा पण तपासत होता. माझ्या आधी, माझ्यापेक्षा नीट. दिघ्यांनी व्हिडिओ पुन्हा पहिल्यापासून लावला. त्यांना मुलाच्या पत्रातली ती ओळ आठवली. डोळ्यांत किंवा हातात दोष आला असावा, असं ते म्हणतात. चौऱ्याहत्तर वर्षांच्या त्या माणसाने हमरियातल्या एका तपासनिसावर विश्वास ठेवून स्वतःच्या डोळ्यांवर शंका घेतली होती. दिघ्यांना स्वतःची लाज वाटली. तशी लाज त्यांना पूर्वी कधी वाटल्याचं आठवत नव्हतं, कारण पूर्वी ते कधी चुकलेच नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी जहूरला विचारलं, "वो फुलीवाली किसणी तू घर ले गया था ना? कैसी है?"

जहूर थोडा घाबरला. "साब, अम्मी के पास पेशावर भेज दी. मूली के लिए वही चलती है. दूसरी को हाथ नहीं लगातीं." मग धीर करून म्हणाला, "रिसेप्शनवाली जैनब भी यही बोलती है. सब बोलते हैं."

"मुझे क्यों नहीं बोला?"

"साब, आपको कौन बोलेगा?"

हे उत्तर दिघ्यांनी दोष म्हणून नोंदवून घेतलं, पण जहूरच्या नावावर नाही.

मॅनेजर संजय मूळचा पार्ल्याचा. माणूस हुशार आणि समजूतदार, त्यामुळे कुठलंही काम त्याला सरळ करायला आवडत नसे. दिघ्यांचं सगळं बोलणं त्याने खुर्ची मागे झुकवून ऐकलं.

"म्हणजे दिघे, मशिनवाली अप्रूव्ह करायची नाही. ओके. जुनीच चालू ठेवू, नो प्रॉब्लेम. पण असं लिहू नका की तपासणी चुकली. चार वर्षांचे रिपोर्ट तुमच्याच सहीचे आहेत. मार्चमध्ये तुमचं कॉन्ट्रॅक्ट रिन्यूअल. एकोणसाठाव्या वर्षी रिन्यूअलच्या तोंडावर कोणी असं लिहून देतं का?"

"मग काय लिहू?"

"मार्केट फीडबॅक चेंज झाला. कस्टमरला आता हँडमेड लुक हवाय. खलास. तुमचंही राहिलं, त्यांचंही राहिलं."

दिघे उठले. फार सोपी वाट होती. मंजुरी नाकारली जाणार, यंत्र येणार नाही, किसण्या पूर्वीसारख्या येणार. कुणाचंच काही बिघडणार नव्हतं. ते दारापर्यंत गेले आणि परत आले.

"नाही जमणार, संजय सर."

"का?"

"कारण मार्केट फीडबॅक लिहिलं तर म्हातारा काम करत राहील, पण डोळ्यांना दोष देतच राहील. दोष त्याच्या डोळ्यांत नाही, हे त्याला कळलं पाहिजे. आणि ते मीच सांगितलं पाहिजे. मीच सांगितलं होतं ना, दोष आहे म्हणून."

संजयने सुस्कारा टाकला. "हबीबी, तुम्ही स्वतःलाच फुली मारताय."

"मारतोय," दिघे म्हणाले.

बुधवारचा सगळा दिवस त्यांना तो अहवाल लिहायला लागला. तुकडे, वजन, किती वेळा किसलं ती संख्या, दोन्ही किसण्यांचे फोटो. या वेळी लाल वर्तुळं कुठेच नव्हती. अहवालाच्या छापील नमुन्यात 'दोष' असा एक रकाना होता. पूर्वी त्यात रांग, दात, कल्हई, असलं काही ते लिहीत. आता त्यांनी लिहिलं, 'दोष तपासणीच्या नियमात होता. नियम मी केला होता. मालात दोष नाही. श्री. नोनोमुरा यांची दृष्टी आणि हात उत्तम आहेत.' शेवटचं वाक्य अहवालात बसत नव्हतं, पण त्यांनी ते ठेवलं. खाली नेहमीच्या तिरप्या सहीऐवजी पूर्ण नाव लिहिलं.

गुरुवारी सकाळी मेल गेली. त्याच संध्याकाळी अनुपमाने खिळ्यावरची किसणी काढून त्यांच्या हातात दिली.

"हिचे दात आता बोथट झालेत. पाट्याला टाकी लावतात तसे हिला परत दात लावून देतील का हो ते?"

देत होते. नोनोमुरांच्या पहिल्याच पत्रात ते लिहिलेलं होतं. जुनी किसणी पाठवा, दात ठोकून सपाट करू, नवी कल्हई करू, नवे दात उठवू. दिघ्यांनी किसणी खोक्यात घातली. मुठीवरची फुली दिसत होती. ती बघून म्हाताऱ्याला काय वाटेल, या विचाराने त्यांनी खोकं एकदा बंद केलं आणि एकदा उघडलं. शेवटी तसंच पाठवलं. काय चिठ्ठी लिहावी ते सुचेना, म्हणून लिहिलं, 'ही माझ्या घरची आहे. तीन वर्षं रोज वापरात आहे.'

पुढे जे व्हायचं ते झालं. हेड ऑफिसने अहवाल वाचला. मार्चमध्ये रिन्यूअल झालं, एकाच वर्षाचं, आणि 'तपासणी प्रमुख'च्या जागी नुसतं 'तपासनीस' आलं. पितळी पाटी दिघ्यांनी स्वतःच स्क्रू काढून खणात टाकली. सोमवारी पुसायला काही उरलं नाही, म्हणून ते जहूरबरोबर एक चहा जास्तीचा घ्यायला लागले. जहूर आता कधीकधी म्हणायचा, "साब, ये वाली मुझे ठीक नहीं लगती," आणि दिघे भिंग त्याच्या हातात द्यायचे. टेबलावर एक बशी आली होती. तिच्यात रोज ताजा मुळा असायचा.

जपानहून अहवालाचं उत्तर लगेच आलं होतं, दोनच ओळींचं. यंत्राचा बेत सोडला आहे. वडील सकाळपासून कामाला बसले आहेत.

एप्रिलमध्ये किसण्यांची नवी खोकी आली. त्यांतल्या एका खोक्यावर कंपनीच्या नावाऐवजी दिघ्यांचं नाव होतं. ते त्यांनी गोदामात उघडलं नाही. घरी आणलं, ओट्यावर ठेवलं आणि कागद सोडवला.

किसणी नवी कोरी दिसत होती. कल्हई आरशासारखी. दात नवे, धारदार आणि मस्त वाकडेतिकडे. अनुपमाने त्यावरून हलकेच बोटं फिरवली आणि म्हणाली, "वा!" चहाचं आधण उकळत होतं.

"थांब जरा," दिघे म्हणाले. त्यांनी किसणी घेतली आणि मूठ उजेडाकडे केली. मग बॅगेतून भिंग काढलं. मूठ उलटी करून पाहिली, कडा पाहिल्या, दिव्याखाली तिरकी धरून पाहिली. चष्मा काढून पुसला आणि पुन्हा पाहिलं.

"काय शोधताय?"

"फुली."

"बदलून दुसरी पाठवली असेल त्यांनी."

"नाही. तीच आहे. टोकाला तो पोचा आहे बघ, तुझ्या हातून पडली होती तो. तो तसाच ठेवलाय." दिघ्यांनी मुठीवरून अंगठा फिरवला. एकदा, दोनदा. आयुष्यभर ज्या अंगठ्याला केसाएवढी खाच सुद्धा लागायची, त्याला तिथे काहीही लागत नव्हतं. कुणीतरी सावकाश, मन लावून, ती फुली ठोकून ठोकून तांब्यात मिटवून टाकली होती. तिथे ती कधी होती, हे आता कुणालाही सांगता आलं नसतं.

"अनू, सापडत नाही गं," ते म्हणाले. त्यांनी भिंग पुन्हा मुठीवर धरलं, पण आता सगळंच धूसर दिसत होतं.

ईश्वरी हॉलमधून डोकावली. "बाबा, आर यू ओके?"

"ओके," दिघे म्हणाले, पण भिंग खाली ठेवलं नाही.

अनुपमाने त्यांच्या तोंडाकडे एकदा पाहिलं. मग आल्याचा तुकडा पाण्याखाली धुतला आणि हात पुढे केला.

"द्या आता ती इकडे. चहा उतू चाललाय."